उल्हास वाघिणींची वनिताताई

वनिताताईच्या डाव्या कानाची पाळी मधोमध फाटलेली होती. तरुणपणी गावच्या मातीवर खेळताना चढाईला आलेल्या एका मुलीचं बोट तिच्या कुडीत अडकलं. ती मुलगी सुटायला धडपडत होती आणि ही तिचा पाय सोडत नव्हती. शेवटी कुडी पाळी फाडूनच बाहेर आली. "मग काय झालं?" असं कुणी विचारलं की ताई म्हणायची, "मग काय व्हायचं? पॉइंट आमचा." तेव्हापासून ती फक्त उजव्या कानात कुडी घालायची. एसटीत शेजारी बसलेली एखादी बाई काळजीनं सांगायची, "अहो, तुमची एक कुडी पडली वाटतं." ताई म्हणायची, "व्हय, लई वर्सं झाली," आणि तिचे खांदे हलायला लागायचे. ताईच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे.

मला ती भेटली उल्हास वाघिणी नावाचा संघ उभा राहिला तेव्हा. मुलींची व्यावसायिक कबड्डी लीग राज्यात नव्यानं सुरू होत होती. पळसदरीच्या बाजूला शनिवार-रविवारवाल्यांसाठी बंगले बांधणाऱ्या एका बिल्डरनं आमच्या भागाचा संघ घेतला. त्याला सगळे शेठच म्हणायचे. प्रत्येक संघाला एक फिजिओथेरपिस्ट हवी, असा लीगचा नियम होता. मी नुकताच कर्जत बाजारात दवाखाना टाकला होता आणि दिवसभर म्हाताऱ्या गुडघ्यांना शेक देत बसायचे. त्यातले दोन गुडघे शेठच्या आईचे होते. माझी निवड अशी झाली. ताईची निवड मात्र खरी होती. खालापूरजवळच्या एका गावातली ही बाई एकेकाळी राज्याच्या संघातून कोपऱ्यात पकडीला खेळलेली, आणि नंतर कितीतरी वर्षं शाळाशाळांतून मुलींचे संघ तयार केलेली.

पहिल्या दिवशी मी तिला "मॅडम, तुम्ही" अशी सुरुवात केली. तिनं मला तिथंच थांबवलं.

"मॅडम हापिसात बसते. मला ताई म्हण. आन तुमी-बिमी नको गं. मैदानात 'तुमी' म्हणेपर्यंत चढाईवाली पळून जाते."

मला मात्र ती शेवटपर्यंत "डॉक्टरीण बाय" म्हणाली. मी डॉक्टर नाही, फिजिओ आहे, हे दोनतीनदा सांगून मी नाद सोडला.

ढगळ ट्रॅकपँट, त्यावर पुरुषी पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि कमरेला पंचा, हा तिचा वेश. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजवलेली मी कधी ऐकली नाही. तिचं म्हणणं, शिट्टीनं ढोरं वळतात. माणसाला नावानं हाक मारावी. आणि हाक अशी मारायची की खालापूरच्या ज्या गोदामात आमची मॅट अंथरलेली होती, त्याच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची.

एक शब्द तिच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "बॅड लक." पोरी सवयीनं म्हणायच्या. पकड सुटली, बॅड लक. रेषेला पाय लागला, बॅड लक. ताई सराव थांबवायची आणि म्हणणारीला खाली बसवायची. "लक कुठनं आलं हितं? मला दाव. मला तर तुझा पाय उशिरा आलेला दिसला." ती पोरगी "पाय उशिरा आला" असं सगळ्यांसमोर म्हणेपर्यंत खेळ पुढं जायचा नाही. तिच्या लेखी प्रत्येक हरण्याला एक कारण होतं, ते माणसाच्या अंगात कुठंतरी होतं, आणि ते तोंडानं बोलून दाखवलं की निम्मं काम झालं.

संघ जमवायचं काम मोठं होतं. लीगच्या बोलीतून काही खेळाडू मिळाल्या होत्या. कर्णधार अश्विनी त्यातलीच, सांगलीकडची. पण निम्मा संघ आपल्या भागातला हवा अशी शेठची अट होती, आणि ती ताईला मनापासून पटलेली होती. त्या मुली घरातून मागून आणायच्या होत्या. त्यासाठी ताईच्या पिशवीत एक हिरवी साडी कायम घडी करून ठेवलेली असायची. गावाच्या वेशीवर एखाद्या गोठ्याच्या आडोशाला, नाहीतर माझ्या दवाखान्याच्या पडद्यामागं ती साडी नेसायची आणि मग दार वाजवायची.

"ट्रॅकपँटीतली बाई पोरगी मागाया आली तर बाप कडी लावतो," ती मला सांगायची. "साडीतली आली तर आधी पाणी देतो. पाणी दिलं की बसाया मिळतं. बसाया मिळालं की बोलाया."

बोलणं सगळीकडं एकच. मुलीचे आईबाप काय काय विचारायचे. अर्ध्या चड्डीत खेळणार का, टीव्हीवर दिसणार का, लग्नाचं वय निघून जाईल त्याचं काय. ताई सगळं ऐकून घ्यायची, हो ला हो आणि नाही ला नाही म्हणायची, खोटं काही सांगायची नाही. उठताना मात्र दारात उभी राहून म्हणायची, "पोर नेते. जशी नेते तशी आणून सोडीन." हे ती एकेक शब्द सुटा करून, सावकाश म्हणायची. बापांना त्या वाक्याचाच भरवसा वाटायचा. शेठचं नाव कुणी विचारतसुद्धा नव्हतं.

सुरेखा शिद तिला सापडली ती गोष्ट ताईच्या आवडीची होती. पळसदरीच्या धरणाच्या रस्त्यावर डोंगरातल्या वाड्यांवरच्या बाया जांभळं, करवंदं घेऊन बसतात. एका रविवारी सहलीला आलेल्या टोळक्यातल्या एकानं गंमत म्हणून एका पोरीची जांभळाची पाटीच उचलली आणि हसत हसत पळायला लागला. ती पोरगी ओरडली नाही. रस्त्यावरनंच झेपावली, त्याचा घोटा दोन्ही हातांत धरला आणि त्याला पालथा पाडला. जांभळं रस्ताभर. मित्र धावून आले, माणसं जमली, शिवीगाळ सुरू झाली. ताई स्कूटरवरनं तिथनं चालली होती. गर्दीतून वाट काढत ती पोरीजवळ गेली आणि विचारलं, "तू उजव्या पायावर बसतीस का डाव्या गं?"

पोरगी बावचळली. "काय म्हायत," म्हणाली.

"डाव्या," ताई म्हणाली. "म्या बघितलं. बाप कुठं असतो तुझा?"

बाप, गोमादादा, भिवपुरीच्या वीजघराच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या वाडीत राहायचा. उंच, सडसडीत, फार न बोलणारा माणूस. ताईचं सगळं ऐकल्यावर त्यानं एकच विचारलं, "पोर आमची डोंगरातली. तिथं तिला कोन हसल का?"

"पयल्यांदा हसतील," ताई म्हणाली. "मंग नाय हसायचे."

मुलींना राहायला शेठनं पळसदरीचे दोन न विकले गेलेले बंगले दिले. मागं निळ्या फरशांचा पोहण्याचा हौद होता, त्यात पाणी नव्हतं. स्वयंपाकाच्या मावशी त्यात वाल वाळत घालायच्या. खालापूरला महामार्गाच्या वळणावर भलामोठा फ्लेक्स लागला. सगळ्या मुली हाताची घडी घालून, कपाळाला आठ्या घालून उभ्या, खाली "उल्हास वाघिणी, आपली माती, आपल्या पोरी." गोमादादा वाडीतल्या चारपाच जणांना घेऊन तो बघायला मुद्दाम आला. बराच वेळ मान वर करून बघितलं आणि ताईला म्हणाला, "ह्यातली आमची कंची? आमची तर येवडी गोरी नाय." ताईचे खांदे किती वेळ हलत होते.

ते दिवस चांगले होते. कर्जतमध्ये मी भाजी घ्यायला गेले तरी लोक विचारायचे, तयारी कशी चाललीय. दवाखान्यात म्हातारे गुडघे दुखायचं विसरून कबड्डीवर बोलायचे.

मग सामने सुरू झाले आणि आम्ही हरायला लागलो.

पहिला सामना अगदी थोडक्यात गेला. दुसरा जरा जास्त फरकानं. त्यानंतर आम्हाला हरण्याची जी सवय लागली ती सुटलीच नाही. अश्विनीच्या चढाया दुसऱ्या संघांनी पाठ केल्या होत्या. आमच्या मुली मातीवर वाघिणी होत्या. मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात, कॅमेऱ्यासमोर त्यांचे हात थंड पडायचे. एकटी सुरेखा कोपऱ्यात बसून एकामागून एक घोटे पकडत होती, पण एका कोपऱ्यानं सामना जिंकता येत नाही. ताई कारणं शोधत राहिली, पोरींकडून ती वदवून घेत राहिली. हळूहळू पोरी कारणंही पाठ म्हणायला लागल्या, त्यात जीव राहिला नाही.

हरल्यावर इतर संघ मागच्या दारानं निघून थेट बसमध्ये बसायचे. ताई ते करू द्यायची नाही. "पुढल्या दारानं चला. लोकं बघाया आली व्हती ना? मग हरलेलं तोंड बी बघूद्यात." ती सगळ्यांच्या पुढं चालायची, मान सरळ, पंचा कमरेला. लोक हुर्यो करायचे, एकदा कुणीतरी पाण्याची बाटली फेकली. ताई म्हणायची, "कुणी धावायचं नाय. चालत." मला तेव्हा ते फार मोठं वाटायचं आणि फार लाजही वाटायची. दोन्ही एकदमच.

लाज घरापर्यंत यायची. दुकानात शेंगदाणे मागितले तरी दुकानदार आधी विचारायचा, "काल कितीनं?" मुलींच्या घरून फोन येईनासे झाले. एकीच्या आईनं तर सांगितलं, भावाचं लग्न ठरतंय, मुलीकडचे विचारतात ती हरणाऱ्या टीममधली बहीण कोण, म्हणून तू एवढ्यात येऊ नको. ती मुलगी रात्रीची जेवली नाही.

आणि एका सकाळी खालापूरच्या फ्लेक्सवर कुणीतरी लाटण्यांची माळ घालून गेलं. सुतळीत ओवलेली सातआठ लाटणी, बरोबर मुलींच्या गळ्यांवरून गेलेली. आमची व्हॅन सरावाला चालली होती. सगळ्यांनी बघितलं. ताईनं व्हॅन थांबवली, उतरली, फ्लेक्सच्या बांबूंवर चढली. पन्नाशीची बाई, खाली रिक्षावाले बघत उभे. तिनं माळ काढून खाली आणली, लाटणी सुतळीतून सोडवली आणि पिशवीत भरली. बंगल्यावर गेल्यावर मावशींना दिली. "लाकूड चांगलं हाय," म्हणाली. मावशींनी ती वापरलीसुद्धा.

पण दुसऱ्या दिवसापासून आमची व्हॅन त्या वळणावरून गेली नाही. ताईनं ड्रायव्हरला गावातल्या जुन्या रस्त्यानं वळवायला सांगितलं. कारण तिनं सांगितलं नाही, आणि आम्हीही तिला ते वदायला लावलं नाही.

घरच्या मैदानावरचा सामना खालापूरला होता. मोठा मांडव, बाजूला खुर्च्यांच्या रांगा, भोंगे. मोसमातला तो एकच सामना आमच्या लोकांसमोर. सकाळी मी सुरेखाचा गुडघा तपासला. आदल्या सामन्यात मुरगळलेला, आता सुजून टम्म झालेला. मी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, "आज नको. आत पाणी आहे. आज पाय वळला तर लिगामेंट जाईल."

"नाय उतरवत," ताई लगेच म्हणाली.

दुपारी शेठ आले. भिवपुरीच्या वरच्या वाड्यांतून दोन टेंपो भरून माणसं आली होती, टेंपोवर सुरेखाचे फोटो लावलेले. शेठ म्हणाले, "हरतोयच आपण. निदान लोकांना त्यांची पोर तरी बघू दे." ताईनं पंचा सोडून पुन्हा कमरेला आवळला. सुरेखा तिच्या पाठीमागं उभी होती. "ताई, बाबा आलाय. मला दुखत नाय गं."

ताईनं माझ्याकडं बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. पुढच्या रांगेत गोमादादा नवा पांढरा सदरा घालून बसला होता, हात मांडीवर ठेवून, जसा एखादा माणूस फोटोला बसतो.

मध्यंतरानंतरही ताईनं तिला बसवूनच ठेवलं. आणि त्या दिवशी आमच्या पोरी खेळल्या. मोसमभरात खेळल्या नव्हत्या तशा. लोक नावानं हाका मारत होते, कुणाचे तरी मामा, कुणाचे शिक्षक. सामना संपत आला तेव्हा आम्ही जेमतेम दोन गुणांनी मागं होतो. समोरून त्यांची सगळ्यात मोठी चढाईवाली यायची होती आणि तिचा सगळा रोख डाव्या कोपऱ्यावर होता. तो कोपरा सुरेखाचा.

ताई उठली. "सुरेखा."

मी तिची बाही धरली. "ताई."

माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "एक चढाई. फकस्त एक. मग काढते."

सुरेखा उतरली. मांडवात असा आवाज झाला की भोंगे ऐकू येईनात. ती चढाईवाली आली, बोनसच्या रेषेकडं पाय टाकला, आणि सुरेखानं खालून घोटा पकडला, अगदी धरणाच्या रस्त्यावर पकडला होता तसा. बाकीच्या तिच्यावर कोसळल्या. गुण आमचा. आता एकाचाच फरक. सगळा मांडव उभा. गोमादादा उभा. मी ताईकडं बघत होते. एक चढाई झाली होती. तिनं हात वर करायचा होता, एवढंच. तिचा हात पंच्यात गुंतलेला होता, तो तिथंच राहिला.

आमची चढाई रिकामी गेली, आणि मग त्यांची दुसरी मुलगी चढाईला आली. सुरेखानं पुन्हा झेप घेतली. घोटा हातात आला, ती मुलगी वळली, सुरेखाचं अंग वळलं आणि पाय मॅटवर तसाच रुतून राहिला. तो आवाज मी ऐकला. सुकी काटकी मोडल्यासारखा. पकड सुटली, त्या मुलीनं रेषा गाठली, आणि आम्ही हरलो.

सुरेखाला स्ट्रेचरवर घेतलं. कुठल्या दारानं न्यायचं असं कुणी विचारलं नाही. अश्विनी पुढं झाली आणि मुली स्ट्रेचर घेऊन पुढच्या दारानं, माणसांच्या मधून चालत निघाल्या. कुणी हुर्यो केली नाही. लोक बाजूला होत होते. गोमादादा स्ट्रेचरची दांडी धरून चालायला लागला. मी मागं वळून ताईला शोधलं. ती नव्हती. नंतर कळलं, ती मांडवाच्या मागं जनरेटरपाशी बसली होती, आणि तिथूनच मागच्या गल्लीनं निघून गेली.

पनवेलला ऑपरेशन झालं. लिगामेंट पूर्ण तुटलं होतं. ताई रोज यायची, डबा आणायची, सुरेखाची वेणी घालायची, पण गोमादादा समोर आला की रिकामा डबा उचलून बाहेर निघायची. वाडीला परत निघताना तो एवढंच म्हणाला, "तुमी नेलीया. सामनं संपलं की आणून सोडा."

उरलेले सामनेही आम्ही हरलो. लीगच्या तक्त्यात आमचं नाव सगळ्यात खाली राहिलं. खालापूरच्या वळणावर आमच्या फ्लेक्सच्या जागी शेठच्या नव्या बंगल्यांची जाहिरात आली. पुढच्या वर्षी संघ नाही, बंगले रिकामे करा, असा निरोप आला. बस येईल म्हणाले होते, ती आली नाही.

बाहेरच्या मुली आपापल्या गाडीनं गेल्या. आपल्या भागातल्या मुलींसाठी ताईनं गावातला एक टेंपो ठरवला, हिरवी साडी नेसली, आणि एकेकीला घरी सोडायला निघाली. मी सोबत होते, सुरेखाच्या पायासाठी. त्या दिवशी मी जे बघितलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. ताई प्रत्येक दारात उभी राहायची. आत बसायला सांगितलं तरी बसायची नाही. आईबाप बाहेर आले की मोठ्यानं, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "हरलो आमी. पोरीनं जेवडं सांगितलं तेवडं केलं. शिकवनारी कमी पडली. तिला बोलू नका." मुलीची पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवायची आणि वळायची. एका घरी चहा झाला. एका घरी आईनं मुलीला आत ओढून दार लावून घेतलं. ताई बंद दारालाही तेच सगळं बोलली, शेवटच्या शब्दापर्यंत.

सुरेखा शेवटची. वीजघराच्या क्वार्टर्सच्या पुढं रस्ता संपतो. तिथून डोंगरावरून उतरणाऱ्या त्या जाड नळांच्या बाजूनं वाडीची पायवाट चढते. सुरेखाच्या पायाला मांडीपासून पट्टा होता. मी म्हटलं, वाडीतून दोघांना बोलावू, झोळी करू. ताईनं साडीचा काष्टा मारला आणि सुरेखापुढं उकिडवी बसली.

"ये पाठीवर."

"ताई, नको गं. मी जड हाय."

"ये म्हनते ना."

तिला पाठीवर घेऊन ताई चढली. दर थोड्या वेळानं थांबायची, कातळाला हात टेकायची, पुन्हा चालायची. मी पिशव्या घेऊन मागं. सुरेखा तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती. ताई नाही रडली. तिला दमच पुरत नव्हता.

गोमादादा अंगणात बसला होता. ताईनं सुरेखाला बाजेवर उतरवलं आणि त्याच्यासमोर उभी राहिली. दम खाऊन म्हणाली, "गोमादादा, जशी नेली तशी आनली नाय. गुडघा सुजलेला व्हता. डॉक्टरीण बाय नको म्हनली व्हती. शेठनं सांगितलं असं बी मला म्हनता यील, पन मैदानाच्या कडंला शेठ नव्हता, मी व्हते. एका चढाईला उतरवली. मग लोभ सुटला. पॉइंट दिसला, पोर दिसली नाय."

गोमादादा जमिनीकडं बघत होता. कोंबड्या पायांतून फिरत होत्या.

"मी बी उभा राह्यलो व्हतो," तो म्हणाला. "पयल्या पकडीला. मी बी वरडलो. आजून एक, आजून एक."

सुरेखाच्या आईनं पाण्याचा तांब्या आणून ताईपुढं धरला. ताई हात पुढं करेना. बाजेवरून सुरेखा म्हणाली, "घे की गं ताई." तेव्हा ताई उभ्या उभ्या पाणी प्यायली. आम्ही निघालो तेव्हा गोमादादानं मला विचारलं, "चालंल का परत?"

"चालेल. व्यायाम रोज करावा लागेल, वर्षभर. बघायला कुणीतरी हवं."

त्यानं ताईकडं बघितलं. "मग तुमी येत जा."

ताई येत गेली. दर सोमवारी ती डोंगर चढायची. मी तिला व्यायाम शिकवले, तिनं सुरेखाला. वाडीतल्या बायका म्हणायच्या, सुरेखाला सासू आली, लग्नाआधीच. पाय सरळ करायला दुखायचं तेव्हा सुरेखा ताईला शिव्या द्यायची आणि ताईचे खांदे हलायचे. हळूहळू पाय वाकायला लागला, कुबडी सुटली, वाट उतरता आली. कोपऱ्यात बसून घोटा धरण्याइतका तो गुडघा पुन्हा झाला नाही. होणार नव्हता, मी दोघींना ते आधीच सांगितलं होतं.

मधल्या काळात एकदोन शाळांनी ताईला बोलावलं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संघानंही विचारलं. ती गेली नाही. मी आग्रह केला तेव्हा म्हणाली, "खेळ शिकवीन गं. खेळ येतो मला अजून. पन पोरी मागायला दारात कोन जानार? ते तोंड नाय राहिलं."

"पण सगळ्यांना माहितीये ताई, तू स्वतःहून सांगितलंस ते."

"सांगितलं म्हनून मिटतं व्हय?" ती म्हणाली. वर्षानुवर्षं पोरींकडून हरण्याचं कारण वदवून घेणारी बाई हे विचारत होती.

त्यानंतर ती बहिणीकडं राहायला गेली, संगमेश्वरच्या बाजूला, आणि आमच्या भागातून जवळजवळ दिसेनाशी झाली.

मी तिला शेवटचं बघितलं ते सुरेखाच्या लग्नात. उन्हाळ्यातली दुपार, वाडीतल्या अंगणात जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव, नवरा चौक गावच्या बाजूचा, टेंपो चालवणारा. ताई लांबचा प्रवास करून आली होती. थकलेली वाटली. बायकांच्या मागं, भिंतीला टेकून बसली होती. ढोल सुरू झाला आणि पोरीबाया एकमेकींच्या कमरेत हात घालून गोल नाचायला लागल्या. हळदीनं पिवळी झालेली सुरेखाही त्यांच्यात शिरली. सगळे नवरीचं तोंड बघत होते. ताई तिच्या गुडघ्याकडं बघत होती. पाय उचलला की ताईची मान वर, पाय टेकला की खाली. सुरेखा वळली की ताईचे ओठ घट्ट मिटायचे.

सुरेखाच्या ते लक्षात आलं. ती रांगेतून सुटून तिच्यासमोर येऊन उभी राहिली, धापा टाकत.

"ताई, माझ्या लग्नाला आलीस ना? मग तोंडाकडं बघ की गं माझ्या."

ताईनं मान वर केली. तिच्याकडं बघितलं. पण फार वेळ तिला ते जमलं नाही. सुरेखानं तिचा हात धरून उठवलं, कमरेत हात घातला आणि ओढत रांगेत नेलं. ताईला ती पावलं येत नव्हती. बाया हसत होत्या, तिला शिकवत होत्या, ढोलवाला मुद्दाम ताल वाढवत होता. मला दवाखाना उघडायचा होता म्हणून मी निघाले. उतारावरून वळून बघितलं तेव्हा रांग गोल फिरत होती, सगळ्यांची तोंडं वर, ढोलाकडं, आभाळाकडं. सुरेखाच्या शेजारी ताई तेवढी खाली मान घालून नाचत होती, तिच्या त्या पायावरची नजर न काढता.